मोटारीचा फोन उचलणाऱ्या शैलाकाकू

शैलाकाकूंना छापील कागद वाचल्याशिवाय चैन पडत नाही. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेली पातळ चिठ्ठी असते ना, एकदा उघडली की पुन्हा तशी न बसणारी, ती त्या चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि मग डॉक्टरांना फोन करून विचारतात, "यात यकृताचं लिहिलंय, ते मला लागू आहे का?" डॉक्टर आता त्यांचा फोन कंपाउंडरला उचलायला लावतात.

त्यामुळे, बोरची मोटार फोनवरून चालवणाऱ्या डब्याच्या कंपनीतल्या मुलीने त्यांना फोनवर विचारलं, "मॅम, तुम्ही माहितीपुस्तिका वाचली होती का?" तेव्हा समोर बसलेल्या मला त्या मुलीचीच काळजी वाटली.

"वाचली," काकू म्हणाल्या. "तुम्ही?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मी दोनदा वाचली. अकराव्या पानावर लिहिलंय, पहिल्याच दिवशी पिन बदला. मी बदलला. आता मला सांगा, माझा बदललेला पिन तुमच्या डब्यानं परत कसा बदलला?"

"मॅम, डबा आपणहून काही करत नाही. ग्राहकांकडूनच काहीतरी…"

काकूंनी फोन ठेवला. त्या रागावल्या की आवाज चढवत नाहीत, चष्मा काढून पुसतात. त्या आठवड्यात तो चष्मा फार स्वच्छ होता.

काकूंचं पूर्ण नाव शैला सेलूकर. आजोबा पैठणला भिक्षुकी करायचे, वडील तहसीलमध्ये कारकून होते, आणि काकू स्वतः निवृत्त होईपर्यंत कोषागारात होत्या. बिलं तपासायचं काम. तिथली पद्धत त्या अजून कौतुकाने सांगतात. बिल ज्याने तपासलं त्याने कोपऱ्यात आद्याक्षरी करायची, म्हणजे नावाची दोन छोटी अक्षरं. वर्षांनंतर बिलात खोट निघाली तरी ती अक्षरं कुणाची, त्याला बोलावणं यायचं. "यंत्रानं केलं", "वरून आलं" असं चालत नसे. निवृत्तीनंतर त्या आमच्या कॉलनीच्या सचिव झाल्या. कारण सोपं होतं, दुसरं कुणी तयार नव्हतं.

आमची कॉलनी चिकलठाण्यात, जालना रोडपासून आत, विमानतळाच्या अंगाला. दहा वर्षांपूर्वी इथे ज्वारी होती. आता प्लॉट आहेत, बंगले आहेत, एक जिम आहे आणि महापालिकेच्या पाण्याचे भलेमोठे निळे पाइप रस्त्याकडेला येऊन पडले आहेत. त्यात मुलं लपाछपी खेळतात. पाणी अजून आलेलं नाही. सगळ्या कॉलनीची भिस्त एका बोरवर. दोन हजार चोवीसचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. आदल्या वर्षीचा पाऊस नावापुरता झाला होता, आणि एप्रिल उजाडेपर्यंत शेजारच्या दोन कॉलन्यांचे बोर बसले होते. आमचा चालू होता, म्हणून आम्ही त्याला तळहाताच्या फोडासारखं जपत होतो.

मोटार चालू-बंद करायला माऊली होता. सोयगावकडचा. बायको सारजाबाईसह गेटजवळच्या खोलीत राहायचा. बोर मात्र कॉलनीच्या पार मागच्या भिंतीला लागून, आणि माऊलीच्या गुडघ्याने जानेवारीत संप केला. म्हणून काकूंनी तो डबा आणला. मोटारीच्या स्टार्टरला जोडायचा, आत कंपनीनेच घातलेलं एक सिमकार्ड असतं. आपल्या मोबाईलवरून त्या नंबरला फोन लावला की डबा फोन कापतो आणि मोटार चालू करतो. पुन्हा लावला की बंद. शिवाय "मोटार चालू" असा मेसेजही येतो. आधी एकदा पिनसकट मेसेज पाठवून आपला नंबर डब्यात नोंदवायचा, म्हणजे परक्याने फोन लावला तरी मोटार हलत नाही. निदान जाहिरातीत तसं लिहिलं होतं. खेडोपाडी हे डबे आता घरोघर आहेत. काकूंनी स्वतःचा आणि माऊलीचा असे दोनच नंबर नोंदवले, पिन बदलला आणि तो कुणालाही सांगितला नाही, अगदी माऊलीलासुद्धा नाही.

मेच्या सुरुवातीला मोटार जळली.

सकाळी नळाला पाणी नाही म्हणून माऊली मागे गेला, तर भिंतीपलीकडचा नाला ओला. रोज सकाळी टाकी भरली की माऊली टाकीचा कॉक बंद करायचा आणि झाडांच्या पाइपचा उघडा ठेवायचा. संध्याकाळी कडुनिंबाच्या रोपांना थोडं पाणी द्यायला तो पाइप लागायचा. रात्री कुणीतरी मोटार लावली, पाणी रोपांवरून वाहत नाल्यात गेलं, बोर आटला, आणि कोरड्या बोरमध्ये मोटार चालत राहून जळून गेली. कोरडी मोटार आपोआप बंद होण्याची सोय होती म्हणे, पण मोठ्या मॉडेलात.

नाल्याकाठी टँकरच्या चाकांचे वळ होते. तिथून नव्या बांधकामांवर दिवसभर टँकर जातात. पण तात्यासाहेबांनी वळ पाहिले, ओली माती पाहिली आणि हिशोब जुळवला. तात्यासाहेब आमचे अध्यक्ष. ही सगळी जमीन एकेकाळी त्यांचीच होती आणि ते अजून तिला माझं वावर म्हणतात.

"रात्री टँकर भरून विकला त्यानं," ते म्हणाले. "साफ गोष्ट आहे. फोन कुणाकडं? त्याच्याकडं."

"माझ्याकडंही आहे," काकू म्हणाल्या.

"तुमची गोष्ट अलग आहे, काकू."

"का?"

तात्यासाहेबांनी हात झटकला. "रविवारी मीटिंग ठेवतो. त्याचं सामान तोवर बांधून राहू द्या. खाली-पिली चर्चा नको."

माऊली तिथेच उभा होता. त्याने शपथ घेतली नाही, रडला नाही. "म्या नाय लावली," एवढंच म्हणाला, आणि मग कुणी ऐकलं का ते पाहत राहिला. नोकरी गेली तर खोली जाणार होती, आणि गावाकडे परत जावं तर तिथे त्या वर्षी माणसांनाच टँकर लागत होता.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, काकूंपासून दोन घरं सोडून राहते. त्यामुळे काकूंनी डबा काढून थेट आमच्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. "बघ याच्या पोटात काय आहे," म्हणाल्या. आणि रिचार्ज संपलंय की काय ते बघायला त्यांनी त्यातलं सिम काढून आपल्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं.

दिवेलागणीला तो फोन वाजला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मोटारीला कोण फोन करतंय? माऊली तर दारातच बसलेला. त्यांनी फोन उचलला, मी हात पुढे करून स्पीकर लावला.

"हॅलो."

पलीकडे कुणीतरी दचकल्याचा आवाज. मग एक म्हातारा, घोगरा स्वर, "कोन हाय?"

"तुम्ही कोण? फोन तुम्ही लावलाय."

"म्या मोटारीला लावलाय."

"कुठल्या मोटारीला?"

"माझ्या. बोरच्या." मग स्वर चढला. "ओ बाई, तुमी माझ्या मोटारीत काय करायलात?"

"मी तुमच्या मोटारीत नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही माझ्या मोटारीत आलाय."

माऊली दारातून उठून आत आला. काकूंनी त्या माणसाला हळूहळू बोलतं केलं. त्याचं नाव काकासाहेब, गाव देवगाव रंगारी. मोसंबीची बाग, एक बोर. शेताला तीन फेजची वीज सध्या फक्त रात्री. रात्री शेतात जायची सोय नाही, कारण शिवारात बिबट्या फिरतोय. म्हणून पुण्याच्या मुलाने पाडव्याला येऊन हाच डबा बसवून दिला, बापाचा नंबर नोंदवला आणि "मोटार" या नावाने डब्याचा नंबर बापाच्या फोनमध्ये टाकून दिला.

"वाचा बरं तो नंबर," काकू म्हणाल्या.

त्यांनी घरातल्या नातीला वाचायला लावला. आमचाच नंबर. त्यांच्या डब्याचा नंबर आमच्यापेक्षा एका आकड्याने पुढे होता, शेवटी पाचच्या जागी सहा. पोराने घाईत सहाऐवजी पाच दाबला होता, बस्स.

"पर मला तर रोज मेसेज येतो की, मोटार चालू म्हनून!"

"येणारच. ती आमची चालू होते."

"आन् पानी येतं का तुमच्या मोटारीला?"

"येत होतं. तुम्ही रात्रभर चालवून जाळलीत."

"जळली?" त्या आवाजाला खरंच लागलं. "आरारा. बाई, म्या मुद्दाम नाय केलं हो. रोज घंट्याभरानं बंद करायचो, त्या राती डोळा लागला."

"माहीत आहे मला. पण तुमच्या बागेत पाणी पोचत नव्हतं, ते कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं की. रातच्याला मोटार लावायची, सकाळी बघावं तर झाडं सुकी. मोटार चालू म्हनती आन् पानी यिना. म्हनून म्हनलं, बोर गेला. दिवसा लाईट नाय, मंग बटन दाबून बगायचं कसं? दोन रांगा तर तोडाय काढल्या मी मोसंबीच्या." मग ते थांबले. "म्हंजी… माझ्या बोरात पानी हाय?"

काकूंनी फोन माऊलीकडे सरकवला. तो फोनजवळ वाकला आणि म्हणाला, "आसंल, दादा. उद्या शेजाऱ्याला संगं घिऊन जा आन् हातानं लावून बगा."

मला मात्र एक गोष्ट सुटत नव्हती. काकासाहेबांच्या मुलाचा नोंदणीचा मेसेज चुकून आमच्या डब्याला आला, तरी डब्याने तो नाकारायला हवा होता, कारण पिन काकूंनी बदललेला होता. मी सिम परत घातलं आणि काकूंचा पिन पाठवून पाहिला. डब्याने नाकारला. कंपनीचा मूळ पिन, सगळ्या डब्यांचा तोच, एक-दोन-तीन-चार, पाठवला. घेतला! मग मला पाडव्याच्या आधीची ती वावटळ आठवली. चिकलठाण्यातले खांब पडले होते आणि वीज दुसऱ्या दुपारपर्यंत नव्हती. मी डब्याची वीज तोडली, आतली छोटी बॅटरी पूर्ण उतरू दिली, काकूंचा पिन घालून दोनदा तोच खेळ केला. दोन्ही वेळा डबा काकूंना विसरला आणि एक-दोन-तीन-चारवर गेला. नोंदवलेले नंबर मात्र नीट लक्षात ठेवले त्याने!

मला हसावं की डबा फेकावा ते कळेना. कुलूपवाल्याने गावभर कुलपं विकली, सगळ्यांना एकच किल्ली दिली, म्हणाला किल्ली बदलून घ्या, आणि लाईट गेली की सगळी कुलपं गुपचूप जुन्या किल्लीवर. शिवाय सिमचे नंबर एकापुढे एक, सगळी घरं एका ओळीत, म्हणजे शेजारच्या दाराशी चुकून जायला चोरही असावं लागत नाही.

कंपनीत फोन करून काही निघालं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी काकू माझ्या स्कूटरवर मागे बसून, डबा पिशवीत घेऊन, कंपनीत गेल्या. कंपनी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतच, काचेची. मालक विश्वजित, तरुण, अदबीने बोलणारा. भिंतीवर हसऱ्या शेतकऱ्याचा मोठा फोटो.

"बसा काकू. पाणी?"

"पाणी नको. उत्तर द्या. पिन आपोआप मूळ पदावर का जातो?"

मला वाटलं तो नाही म्हणेल. पण त्याचा चेहरा उजळला. "ती सोय आम्ही मुद्दाम ठेवलीय. शेतकरी पिन विसरतात. सुरुवातीला रोज फोन, डबे परत यायचे. मग सोपं केलं. वीज काढून ठेवा, बॅटरी उतरली की पिन पुन्हा पहिला."

"आणि वीज आपणहून गेली तर?"

"जास्त वेळ गेली तरच होतं ते."

"तुम्ही राहता कुठं?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे?"

"मराठवाड्यातच ना? इथं वीज जास्त वेळ जाते, हे ऐकलंय का कधी?"

"इथं आमच्याकडं जनरेटर आहे, काकू," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच ते कसं वाटलं कुणास ठाऊक.

डबा बनवणाऱ्यांपैकी सावनी नावाची इंजिनिअर मुलगी बाजूला बसली होती. ती टेबलाकडे पाहत म्हणाली, "सर, मी दिवाळीत सांगितलं होतं हे. प्रत्येक डब्याला वेगळा पिन द्यायचा आणि तो विसरू द्यायचा नाही."

"सावनी, तो पुढच्या आवृत्तीचा विषय आहे."

"आणि विकलेल्या डब्यांचा?" मी विचारलं.

"ते चालूच आहेत की व्यवस्थित."

काकूंनी चष्मा काढला. "पुस्तिकेत हे का लिहिलं नाही? अकराव्या पानावर पिन बदला म्हणता. तो टिकत नाही, हे कुठल्या पानावर आहे?"

"सगळं लिहिलं तर ग्राहक घाबरतो, काकू. आणि शेवटच्या पानावर आहे ना, अयोग्य वापरामुळे झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही."

"ते वाचलं. योग्य वापर काय, तेवढं सांगा. वीज जाऊ देऊ नये, हा का?"

"हे बघा, त्या काकासाहेबांनी नंबर चुकवला. त्यात आमचा काय दोष?"

"माणूस नंबर चुकवणारच. कुलूप कशाला करता मग तुम्ही? कुणी चुकत नसतं आणि कुणी चोर नसता, तर तुमच्या पिनची गरजच काय होती?" काकूंचा आवाज अजूनही खालीच होता. "हा डबा बाजारात जाऊ द्यायला हरकत नाही, असं कुणी ठरवलं? आद्याक्षरी कुणाची आहे यावर?"

"तसं एकाचं नसतं ते. टीम असते."

"टीम मोठी असेल. सही कुठल्यातरी एका हातानं होत असेल ना?"

विश्वजित उठून आत गेला आणि छापलेला एक कागद घेऊन आला. खरं सांगते, तो वाईट माणूस वाटला नाही मला. त्याला फक्त हे प्रकरण दाराबाहेर काढायचं होतं. नवी मोटार आणि नवा डबा कंपनी देईल, म्हणाला. काकूंनी फक्त या कागदावर सही करायची. कागदावर लिहिलं होतं की ग्राहकाने पिन सुरक्षित न ठेवल्यामुळे बाहेरच्या व्यक्तीकडून मोटार चालू झाली, आणि तक्रारीचं निवारण झालं आहे.

मी तो वाचला आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो माऊलीचा. बाहेरच्या व्यक्तीकडून! कंपनीच्या शिक्क्यानिशी! रविवारी हा कागद तात्यासाहेबांपुढे ठेवला की माऊली सुटला.

काकूंनी कागद पूर्ण वाचला. घडी घालून टेबलावर ठेवला. "यात एक वाक्य खोटं आहे," म्हणाल्या. "मी पिन सुरक्षित ठेवला होता. ते काढा, सही करते."

"ते काढलं तर…" विश्वजित थांबला.

"तर मग तो तुम्ही ठेवला नाही, असं होतं. बरोबर. आणि मग बाकीच्या डब्यावाल्यांनाही कळवावं लागतं."

त्याने वाक्य काढलं नाही. आम्ही बाहेर पडलो.

स्कूटरजवळ मी काकूंवर चिडले. उगाच खोटं कशाला बोलू, चांगलीच चिडले. "एक सही, काकू! तुमचं काय जाणार होतं? फार तर लोक म्हणाले असते, काकूंना पिन सांभाळता आला नाही. माऊलीची खोली चाललीय, आणि तुम्हाला वाक्य खोटं आहे म्हणून…"

"ओरडू नकोस. ऊन आहे."

"तात्यासाहेबांना दाखवणार काय आता?"

"या डब्यावाल्यांना माझ्या सहीचा कागद मिळाला की त्यांच्याकडची तक्रार मेली. पुढच्या कॉलनीत मोटार जळेल तेव्हा तिथलाही कुणी पंपवालाच धरतील. त्याच्या वेळी कंपनी म्हणेल, आमच्याकडं कधीच अशी तक्रार नाही. वर माझाच कागद दाखवतील." त्या स्कूटरवर बसल्या. "सही मी आयुष्यभर केलीय. कुठं करायची नाही, ते मला विचार." थोड्या वेळाने, धूत चौकाच्या सिग्नलला, मागून आवाज आला, "आणि माऊलीची काळजी तुला एकटीलाच आहे, असं समजू नकोस."

सही न करून काकूंनी बरोबर केलं, याची मला अजूनही खात्री नव्हती.

रविवारी मीटिंग मंदिराच्या ओट्यावर भरली. माऊलीच्या खोलीच्या दारात गाठोडी बांधून ठेवलेली सगळ्यांना दिसत होती. सारजाबाई त्यातल्या एकावर बसून होती, मुद्दाम, लोकांकडे तोंड करून. काकासाहेब देवगाव रंगारीहून एसटीने आले होते. धोतर, टोपी, पिशवीत मोसंबी. ती त्यांनी आल्या आल्या माऊलीच्या हातात दिली, आणि तात्यासाहेबांना ते अजिबात आवडलं नाही.

काकूंनी सांगितल्याप्रमाणे मी डबा आणला होता. आदल्या दिवसापासून बॅटरी उतरवून ठेवलेला, आणि मोटारीऐवजी त्याला एक साधा बल्ब जोडलेला.

"तात्यासाहेब," काकू म्हणाल्या, "या डब्याचा पिन मी तुम्हाला कधी सांगितला?"

"नाही."

"तुमचा नंबर यात नोंदवला?"

"मला कशाला पाहिजे तुमचा डबा?"

"मग जरा फोन काढा."

तात्यासाहेबांनी कुरकुरत फोन काढला. काकूंनी सांगितलं तसा मेसेज लिहिला, एक-दोन-तीन-चार आणि पुढे स्वतःचा नंबर. मेसेज गेला. उत्तर आलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या नातवाने मोठ्याने वाचलं, "आपला नंबर नोंदवला आहे. धन्यवाद."

"आता फोन लावा त्याला."

त्यांनी लावला. बल्ब पेटला.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "तात्या, टँकर केवढ्याला दिला?" आणि अख्खा ओटा हसायला लागला. तात्यासाहेबांनी घाईने पुन्हा फोन लावला, बल्ब विझला. पुन्हा लावून पाहिला, पेटला. त्यांना विश्वासच बसेना.

"लाईट जास्त वेळ गेली की हा माझा पिन विसरतो आणि जगातल्या कुणालाही आत घेतो," काकू म्हणाल्या. "कंपनीला ते माहीत आहे. सोय म्हणून ठेवलंय, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं."

काकासाहेब उठून उभे राहिले. "मोटार म्या लावायचो," ते म्हणाले. "रोज. मला काय ठावं, कुनाची हाय ते. तुमच्या मानसाचा काय बी दोष नाय. वाटलं तर मला बोला."

"तुम्हाला काय बोलणार," तात्यासाहेब पुटपुटले. मग सवयीने सावरले. "पण मग चूक कुणाची? डबा काकूंनी आणला."

"आणला मी," काकू म्हणाल्या. "ते माझ्या नावावर धरा. पुढच्या वेळी कंपनीला चार प्रश्न जास्त विचारीन. पण डबा असा बनवला कुणी, ते माझ्या नावावर टाकू नका. आणि माऊलीच्या तर नाहीच."

तात्यासाहेबांनी डब्याकडे पाहिलं, बल्बकडे पाहिलं. "बरं बरं. राहू द्या त्याला." आणि ते चपला शोधायला लागले.

"तात्यासाहेब."

"आता काय, काकू?"

"आम्हाला सांगितलंत. त्याला कुठं सांगितलंय अजून?"

ते पाच पावलं चालून माऊलीपाशी गेले, तेही कसे, टेकडी चढल्यासारखे. "राहा बाबा," म्हणाले. "गैरसमज झाला." माऊलीने मान हलवली. म्हणाला, "राहतो. पर त्या डबड्याला म्या फोन नाय लावायचो. चालत जाईन, गुडघा मोडला तरी चालंल. उद्या पुना मोटार जळली, तर तुमी येनार माझ्याच दारात." तात्यासाहेब परत चपला शोधायला वळले.

लोक पांगले. सारजाबाई गाठोड्यावरून उठली आणि गाठ सोडायला लागली. ओढून ओढून घट्ट झाली होती ती. "बांदायची बी मीच, सोडायची बी मीच," ती तात्यासाहेबांच्या पाठीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मीटिंग घेनाऱ्यांनी यावं की एक हात लावायला!"

काकू तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि दुसरं टोक धरून नखांनी गाठ उकलायला लागल्या. मला वाटलं, आता तरी त्यांच्या कपाळावरची आठी जाईल. गेली नाही.

"उद्या सकाळी तुझी स्कूटर मोकळी आहे का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"आता कुठं?"

"कंपनीत. डबे कुणाकुणाला विकले, त्यांची नावं फक्त त्या विश्वजितकडं आहेत. आपल्याला कळवता येणार नाही, आणि तो कळवत नाही. जाऊन बसते त्याच्या समोर."

"आणि त्यानं बसू दिलं नाही तर?"

"बसायला काही पिन लागत नाही," काकू म्हणाल्या आणि दातांनी गाठ धरली.